विमानं नंतर आली: भारतीय हवाई दल उभं कसं राहिलं

दरवर्षी ८ ऑक्टोबर आला की टीव्हीवर हवाई दलाचं संचलन लागतं, आकाशात तिरंगी धुराचे पट्टे ओढत विमानं जातात आणि निवेदक सांगतो, १९३२ साली आजच्याच दिवशी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली. खरंच आहे ते. फक्त त्या दिवशी या दलाकडे स्वतःचं एकही विमान नव्हतं. तळ नव्हता, वर्कशॉप नव्हतं. होता तो एक कायदा, आणि इंग्लंडमध्ये शिकून नुकतेच अधिकारी झालेले मूठभर तरुण. पहिली विमानं हाती आली ती पुढच्या वर्षी, आणि तीही चारच.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेची माहिती कुणाला नव्यानं द्यायला लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच ‘सैनिक’ आहे, टेंबलाईच्या टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे, आणि पन्हाळ्याकडे जा नाहीतर कागलकडे, भावकीत एखादा तरी ‘मिलिटरीत’ असतोच. हवाई दल त्यामानानं लांबचं. इथून जाणारी पोरं बहुतेक एअरमन म्हणून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्यांवर, भरती होतात, बेळगावजवळ सांबऱ्याला त्यांचं सुरुवातीचं ट्रेनिंग होतं, आणि सुट्टीवर आलं की चौकातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काय रं, विमान चालवतोस का न्हाई?’ पोरगं म्हणतं, ‘चालवत न्हाई, इंजिनाचं बघतो.’ विचारणाऱ्याचा उत्साह तिथंच ओसरतो.

तो ओसरू नये असं मला वाटतं. कारण हवाई दल सुरू कसं झालं हे इंजिन बघणाऱ्यांना वगळून समजतच नाही. हिंदी पायलट १९१७-१८ सालीच होते, आणि चांगले होते. पायलट असूनही दल व्हायला पुढं पंधरा वर्षं लागली. एखादा गडी कुस्ती मारतो म्हणून तालीम उभी राहत नाही. हौद्यातली माती, वस्ताद, खुराक आणि रोज पहाटे येणारी शिकाऊ पोरं असं सगळं जुळावं लागतं. हवाई दलाचं हेच झालं. आणि इथं तर ज्यांनी आश्रय द्यायचा, त्या इंग्रज सरकारची द्यायची इच्छाच नव्हती.

तोफ देत नाहीत, ते विमान कसं देतील?

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी एक गोष्ट गाठीला बांधली: तोफखाना हिंदी माणसाच्या हाती जाऊ द्यायचा नाही. डोंगरी तोफांच्या मोजक्या बॅटऱ्या सोडल्या तर हा नियम पाऊण शतक टिकला. शिपाई म्हणून हिंदी माणूस चालायचा, लाखांनी चालायचा. पण हुकूम देणारा अधिकारी म्हणून पहिल्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत त्याला जवळजवळ जागाच नव्हती. अशा सरकारला विमान म्हणजे उडती तोफच वाटली असणार. त्यामुळं हिंदुस्थानात विमानं आली ती आधी फक्त इंग्रजांची आली. रॉयल फ्लाइंग कोअरची ३१ नंबरची स्क्वॉड्रन १९१५ च्या अखेरीस इथं आली आणि वायव्य सरहद्दीवर कामाला लागली.

तिकडं युरोपात मात्र युद्धामुळं पायलट कमी पडायला लागले आणि दार थोडं किलकिलं झालं. शिकायला इंग्लंडला गेलेल्या चार हिंदी तरुणांना रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रवेश मिळाला. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचा विद्यार्थी. त्याला आधी नकारच मिळाला होता. तो फ्रेंच हवाई दलात जायच्या तयारीत होता, तेव्हा त्याच्या प्राध्यापकानं शब्द टाकला. पगडी सोडणार नाही म्हणाला, तर पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेतलं. पायात गोळ्या लागून वाचला आणि स्वतंत्र भारताचा राजदूत म्हणून फ्रान्सला गेला. इंद्रलाल रॉय कलकत्त्याचा. १९१८ च्या जुलैत दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला तो विमानासकट पडला. वय १९. तिसरा एरोल सेन, तो जर्मनांच्या कैदेत गेला.

चौथं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही: मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजला शिकला, पायलट झाला, १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेला तो परतलाच नाही. महाराष्ट्राच्या शौर्यकथांच्या याद्या लांबलचक असतात. त्यात हा का नसतो, हे मला कधी उमगलेलं नाही.

१ एप्रिल १९१८ ला ब्रिटनमध्ये रॉयल एअर फोर्स स्थापन झाली. लष्कर आणि नौदल यांच्यापासून स्वतंत्र असलेलं मोठ्या देशाचं ते पहिलं हवाई दल. ‘स्वतंत्र’ याचा अर्थ एवढाच की विमानं आता लष्कराच्या ताब्यातली एक शाखा राहिली नाहीत. त्यांचा गणवेश, हुद्दे, शाळा आणि बजेट सगळं वेगळं झालं. हाच नमुना पुढं भारतात आला. म्हणून आपले हुद्दे आजही फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर असे आहेत, लष्करासारखे कॅप्टन-मेजर नाहीत.

कायदा कशाला लागतो?

युद्ध संपलं आणि दार पुन्हा लागलं. पण अधिकारीपदांवर हिंदी माणसं घ्या, ही मागणी कायदेमंडळात लावून धरली गेली. १९२५ साली सरकारनं सर अँड्र्यू स्कीन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यावर मोतीलाल नेहरूही होते आणि महंमद अली जिनाही. मुख्य विषय लष्करातले अधिकारी हाच होता, पण समितीच्या शिफारशींमध्ये एक अशीही होती की हिंदी मुलांना रॉयल एअर फोर्सच्या क्रॅनवेल इथल्या कॉलेजात पाठवावं. हवाई दलाचा उगम शोधत मागं गेलं तर आपण या कंटाळवाण्या सरकारी अहवालापाशी पोचतो.

१९३० च्या सप्टेंबरात पहिली तुकडी क्रॅनवेलला गेली: हरिश्चंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्रसिंग, अमरजितसिंग आणि ऐजाद बक्श अवान. सहावे जे. एन. टंडन. उंची कमी भरली म्हणून त्यांना पायलट करता आलं नाही. त्यांच्याकडे साहित्य आणि पुरवठ्याचं काम आलं. म्हणजे अगदी पहिल्या सहा अधिकाऱ्यांतच एक जण न उडणारा होता. सुटे भाग, पेट्रोल, दोऱ्यापासून टायरपर्यंतचा हिशेब ठेवणारा माणूस पहिल्या दिवसापासून लागला.

ही मुलं शिकत असताना इकडं कायदा तयार होत होता. १९३२ साली इंडियन एअर फोर्स ॲक्ट मंजूर झाला आणि ८ ऑक्टोबरपासून लागू झाला. पोरं आहेत, विमानं विकत घेता येतील, मग कायद्यावाचून अडत काय होतं? अडत होतं असं: कंपनीतला कामगार ‘मला जमणार नाही’ म्हणाला तर फार तर नोकरी जाते. सैनिक तसं म्हणाला तर तो गुन्हा होतो. हा फरक कुणाच्या दरडावण्यानं होत नाही, तो कायद्यात लिहावा लागतो. कोण कुणाला हुकूम देऊ शकतो, हुकूम मोडला तर खटला कुठं चालणार, शिक्षा किती, भरती कशी, सुटका कशी, हे सगळं कागदावर आल्याशिवाय दल म्हणजे नुसता उडणाऱ्यांचा क्लब. इंग्रज विमानदळाला इंग्लंडचा कायदा होता. हिंदी माणसांसाठी वेगळा हवा होता, तो ८ ऑक्टोबरला मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली त्याच्या जागी आपल्या संसदेचा कायदा आला.

जाता जाता एक गंमत. या तारखेनंतर बरोबर आठवड्यानं, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचं विमान आणलं आणि भारताची नागरी विमानसेवा सुरू झाली. हे टाटा दोन वर्षांपूर्वी एक शर्यत हरले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्यानं विमानानं पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा पारशी मुलगा इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले, आणि अस्पी काही तासांच्या फरकानं जिंकला. हा मुलगा नंतर हवाई दलात शिरला. त्याचं पुढं काय झालं ते शेवटाकडे येईलच.

चार विमानं, एकोणीस हवाई सिपाही

१ एप्रिल १९३३. कराचीजवळ ड्रिग रोडच्या तळावर पहिल्या स्क्वॉड्रनची ‘ए’ फ्लाइट सुरू झाली. स्क्वॉड्रन म्हणजे साधारण डझनभर किंवा थोड्या जास्त विमानांचं पथक, आणि फ्लाइट म्हणजे त्याचा एक भाग. सबंध दलाकडे तेव्हा हा एकच भाग होता: सहा अधिकारी, एकोणीस हवाई सिपाही, चार वापिती विमानं. कमांडर इंग्रज, फ्लाइट लेफ्टनंट सेसिल बाउशियर.

वापिती कसं होतं? एकावर एक असे दोन पंख, मध्ये खांब आणि ताणलेल्या तारा. सांगाड्यावर कापड ताणून बसवलेलं आणि ते कडक राहावं म्हणून त्यावर खास रोगण चढवलेलं. पुढं हवेनं थंड होणारं गोल इंजिन. पायलट आणि त्याच्या मागं निरीक्षक, दोघांच्याही डोक्यावर छप्पर नाही. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा पुढं. पहिल्या महायुद्धातल्या विमानाचे बरेच सुटे भाग चालावेत अशा बेतानंच ते बांधलं होतं. नवं विमान स्वस्तात पडावं आणि जुना माल खपावा, असा साधा हिशेब.

अशा विमानाला रोज हात लावावा लागतो. इंजिन बघणारा फिटर वेगळा, सांगाडा, कापड आणि तारांचा ताण बघणारा रिगर वेगळा, मशीनगन आणि बॉम्बचा माणूस वेगळा. एका बाजूची तार सैल पडली तर विमान त्या बाजूला ओढतं. म्हणून चार विमानांमागं एकोणीस माणसं होती, आणि तीही पुरत नव्हती. बरीच तांत्रिक कामं सुरुवातीला इंग्रज एअरमनच करायचे, हिंदी सिपाही शिकत शिकत त्यांच्या जागा घेत गेले. सरकारी शंका पायलटांबद्दल होती त्यापेक्षा या लोकांबद्दल जास्त होती: एक वेळ यांच्यातला एखादा उडवेल, पण यंत्र नीट ठेवतील का?

या शंकेला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं ते हरजिंदरसिंग यांनी. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात इंजिनियरिंग शिकलेला हा माणूस अगदी खालच्या पायरीवर, हवाई सिपाही म्हणून भरती झाला. शिकलेल्या माणसानं पाना हातात घेऊन खाली झोपायचं, हे तेव्हाच्या घरांना पचणारं नव्हतं. हरजिंदरसिंग पुढं एअर व्हाइस मार्शल होऊन मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या कुणालाही हा माणूस लगेच आपला वाटेल.

सुरुवात सोपी मुळीच गेली नाही. क्रॅनवेलहून आलेल्या पाच पायलटांपैकी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग १९३३ सालीच अपघातात गेले. थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र सरकारही दलाबाहेर पडले. म्हणजे पहिल्या पाचांपैकी उरले मुखर्जी आणि अवान.

या दलानं पहिली लढाई केली ती मात्र अभिमानानं सांगावी अशी नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९३७ पासून ‘ए’ फ्लाइट वझिरिस्तानात मिरानशाहच्या तळावरून उडू लागली. इपीच्या फकिराच्या नेतृत्वाखाली पठाण टोळ्या इंग्रजांविरुद्ध उठल्या होत्या. आधी पत्रकं टाकून गाव रिकामं करायची ताकीद द्यायची आणि नंतर बॉम्ब टाकायचे, ही तिथली रीत. ‘हवेतून पोलिसगिरी’ असं तिचं गोंडस नाव होतं. एका गुलाम देशाचे पायलट इंग्रजांच्या हुकमानं दुसऱ्या बंडखोरांवर बॉम्ब टाकत होते. त्यातून ते तरबेज झाले हेही तितकंच खरं.

तिथलं उडणं कसं असायचं, तर लष्कराच्या तुकडीकडे वायरलेस धड नसायचा, म्हणून जमिनीवर दोन काठ्या रोवून त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि दोरीला निरोपाची पिशवी अडकवायची. पायलट अगदी खाली येऊन विमानाच्या पोटाखालच्या आकड्यानं ती उचलायचा. तो एवढा खाली आला की डोंगराच्या कपारीतला रायफलवाला नेम धरायचा, कधी कधी वरच्या उतारावरून खाली. पायलटच्या खिशात पुश्तू भाषेतली एक चिठ्ठी असे: या माणसाला धडधाकट परत आणून दिलंत तर सरकार बक्षीस देईल. इंजिन बंद पडलं तर त्या चिठ्ठीवर भरवसा. त्यामुळं सकाळी इंजिन तपासणाऱ्या फिटरला पायलट किती मान देत असेल, ते वेगळं सांगायला नको.

१६ मार्च १९३९ ला सुब्रतो मुखर्जींनी पहिल्या स्क्वॉड्रनची सूत्रं घेतली. हिंदी स्क्वॉड्रनला हिंदी कमांडर मिळायला सहा वर्षं लागली, आणि तोवर सबंध देशाकडे स्क्वॉड्रन होती ती हीच एक. दुसरी उभी राहिली १९४१ साली.

युद्धानं काय केलं

त्याच १९३९ साली राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूरला उजळाईवाडीचं विमानतळ सुरू झालं. संस्थान लहान, पण महाराजांना लांबचं दिसत होतं. सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटलं. कोल्हापूरला त्याची झळ वेगळ्याच वाटेनं लागली: १९४३ पासून वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासितांची वसाहत वसली, ती १९४८ पर्यंत होती.

हवाई दलाचं नशीब मात्र युद्धानं पार बदललं. जे दहा वर्षं अर्जविनंत्या करून मिळालं नव्हतं ते जपान्यांच्या भीतीनं तीन वर्षांत मिळालं. किनाऱ्यावर गस्त घालायला स्वयंसेवक राखीव दल उभं केलं, त्यात फ्लाइंग क्लबांत शिकलेले नागरी पायलट घेतले. पहिल्या स्क्वॉड्रनला वापितीच्या जागी लायसँडर विमानं मिळाली. मुंबई इलाख्याच्या युद्धनिधीतून घेतलेली बारा विमानं. (कोल्हापूर संस्थान म्हणून वेगळं, त्या इलाख्यात मोडत नव्हतं, तेव्हा त्या श्रेयावर आपण हक्क सांगू नये.)

१९४२ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी ही स्क्वॉड्रन ब्रह्मदेशात टाउंगूला पोचली. कमांडर के. के. मजुमदार, सगळे ‘जंबो’ म्हणायचे. लायसँडर हे टेहळणीचं विमान. संथ, वर पंख असलेलं, कमी जागेत उतरणारं. बॉम्बफेक हे त्याचं काम नव्हेच. पण जपान्यांनी टाउंगूवर हल्ला केला, आणि मजुमदारांनी ठरवलं की याला उत्तर द्यायचं. विमानाला बॉम्ब टांगायची सोय केली, आणि दुसऱ्या दिवशी मजुमदार एकटे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) हद्दीतल्या जपानी तळावर बॉम्ब टाकून आले. त्याच्या पुढच्या दिवशी सगळी स्क्वॉड्रन गेली. टेहळणीच्या विमानांना बॉम्ब घेऊन जाण्याजोगं करणाऱ्या तांत्रिक मंडळींचे म्होरके पुन्हा तेच, हरजिंदरसिंग. मजुमदारांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं आणि पुढं युरोपात उडून आल्यावर तोच पुन्हा एकदा. या युद्धात हा मान दोनदा मिळालेला हिंदी अधिकारी हा एकच. १९४५ च्या फेब्रुवारीत लाहोरला प्रात्यक्षिकाच्या उड्डाणात ते गेले.

१९४४ साली इंफाळला जपान्यांचा वेढा पडला तेव्हा पहिली स्क्वॉड्रन हरिकेन लढाऊ विमानं घेऊन तिथंच होती. कमांडर अर्जनसिंग, वय २५. माउंटबॅटननी तिथंच येऊन त्यांच्या छातीवर पदक लावलं. सहाव्या स्क्वॉड्रनचे मेहरसिंगही याच युद्धातले, डी. एस. ओ. हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालेले हवाई दलाचे एकमेव अधिकारी. दोन्ही नावं पुन्हा येणार आहेत.

युद्ध संपेपर्यंत नऊ स्क्वॉड्रन झाल्या होत्या आणि माणसं साडेअठ्ठावीस हजारांच्या घरात. त्यातले अधिकारी फक्त सोळाशेच्या आसपास होते. बाकी सगळे जमिनीवरचे. १९४५ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या राजानं दलाच्या नावामागं ‘रॉयल’ लावलं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नौदलाचा उठाव झाला तेव्हा मुंबईत याच ‘रॉयल’ दलाच्या एअरमननी पाठिंबा म्हणून काम बंद केलं. ते बिरुद २६ जानेवारी १९५० ला गळून पडलं.

या काळातली आणखी एक गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानानं सांगावी अशी. तिथं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. युद्धात सरकारनं तो ताब्यात घेतला, आणि पुढं तिथं अमेरिकन लष्कराच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. वालचंदांच्या मनात विमानं बनवायची होती, त्यांना दुरुस्तीचं दुकान मिळालं असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण त्या दुकानात हजारो हात तयार झाले.

वाटणी, आणि कानपूरचं भंगार

१९४७ ला हवाई दलही वाटलं गेलं. विमानं, माणसं, सुटे भाग, सगळं साधारण दोनास एक या हिशेबानं. पण जागा अशा वाटता येत नाहीत. जन्म झाला तो ड्रिग रोड, पेशावर, कोहाट, रिसालपूर, मिरानशाह हे सगळे जुने कायमचे तळ पाकिस्तानात गेले. पहिल्या पाचांपैकी अवानही तिकडं गेले. १९६५ च्या युद्धात इकडून प्रमुख होते अर्जनसिंग आणि तिकडून नूर खान. दोघंही एकाच दलात वाढलेले.

वाटणीच्या फायली बंद व्हायच्या आत काश्मीर पेटलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला सकाळी दिल्लीहून डाकोटा ही वाहतुकीची विमानं पहिल्या शीख बटालियनला घेऊन श्रीनगरला उतरली. खासगी कंपन्यांची डाकोटासुद्धा या कामाला जुंपली होती. पुढं पूंछला वेढा पडला तेव्हा मेहरसिंग तिथल्या घाईघाईनं केलेल्या धावपट्टीवर डाकोटा घेऊन उतरत होते. २४ मे १९४८ ला जनरल थिमय्यांना शेजारी बसवून ते लेहला गेले. धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंचावर, वाटेत त्याहून कितीतरी उंच डोंगर, धड नकाशा नाही. डाकोटा असल्या उंचीसाठी बनवलेलंच नव्हतं. या मोहिमेत महावीरचक्र मिळालेल्यांत मेहरसिंग आहेत आणि एक मराठी नावही आहे: हृषीकेश मूळगावकर. तेच पुढं १९७६ ते ७८ हवाई दलप्रमुख होते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. काश्मीरच्या त्या दिवसांत भारताकडे लांब पल्ल्याचं एकही बॉम्बर नव्हतं आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. पण कानपूरला चकेरीच्या मैदानात शेकड्यात मोजावी लागतील अशी अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमानं पडून होती. चार इंजिनांची, अवाढव्य. युद्धात अमेरिकेनं उसनी दिलेली ही विमानं कराराप्रमाणं परत तरी करायची होती, नाहीतर कुणाच्या उपयोगी पडणार नाहीत अशी करायची होती. इंग्रज जाताना मुद्दाम तोडफोड करून गेले होते. त्यांच्या लेखी ते भंगार.

बंगळूरच्या कारखान्यातली माणसं कानपूरला गेली आणि त्या ढिगात फिरू लागली. या विमानाचं इंजिन, त्याचा पंख, तिसऱ्याची चाकं, असं जुळवत एकेक विमान फक्त बंगळूरपर्यंत पोचेल इतपत उभं करायचं. मग कारखान्याचे पायलट जमशेद मुन्शी ते उडवत दक्षिणेला न्यायचे. निम्मा देश ओलांडायचा, खाली कुठं बिघडलं तर सोबत आणलेली हत्यारं आणि देव. बंगळूरला पोचल्यावर ते पूर्ण खोलून नव्यासारखं बांधायचं. परदेशी लोकांचा विश्वास बसत नव्हता म्हणतात, आणि त्यात नवल नाही. उद्यमनगरातल्या आमच्या ओळखीच्या एका काकांना, जे स्वतः हवाई दलातून सार्जंट होऊन आले आणि आता पंप दुरुस्त करतात, ही गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘त्यात काय, सांगाडा सरळ असंल तर बाकी सगळं हुतंय.’

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांवर पाचवी स्क्वॉड्रन उभी राहिली. भारताची पहिली अवजड बॉम्बर स्क्वॉड्रन. त्याच महिन्यात व्हॅम्पायर जेट आली. म्हणजे एकाच वेळी दलात आशियातली अगदी पहिली जेट विमानं होती आणि भंगारातून उठवलेली बॉम्बरही. जेटची बातमी झाली. लिबरेटर गुपचूप वीस वर्षं उडत राहिली, १९६८ च्या अखेरपर्यंत.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले तीन हवाई दलप्रमुख इंग्रजच होते: एल्महर्स्ट, आयव्हेलॉ-चॅपमन आणि गिब्ज. आज हे ऐकून भुवया उंचावतात, पण १९४७ ला सगळ्यात ज्येष्ठ हिंदी अधिकाऱ्याची नोकरीच पंधरा वर्षांची होती. १ एप्रिल १९५४ ला सुब्रतो मुखर्जी प्रमुख झाले. ड्रिग रोडवरच्या त्या पहिल्या फ्लाइटमधल्या चार विमानांपासून सबंध दलापर्यंत. फ्लाइट, स्क्वॉड्रन, तळ आणि दल या चारही पायऱ्यांवर पहिले हिंदी प्रमुख तेच. १९६० च्या नोव्हेंबरात टोकियोला जेवताना घास अडकून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी आले अस्पी इंजिनियर, स्पार्क प्लग उसने घेऊन शर्यत जिंकलेला तो सतरा वर्षांचा मुलगा.

दिल्लीला गेलात तर पालमचं हवाई दलाचं संग्रहालय बघा. तिथं वापिती ठेवलेलं आहे, जगात उरलेलं एकमेव, आणि कानपूरच्या ढिगातून आलेलं एक लिबरेटरही आहे. लोक सेल्फी काढतात ते मिग आणि नॅटपाशी. वापितीजवळ गर्दी नसते, त्यामुळं तारा कशा ताणल्या आहेत ते निवांत बघता येतं.